मंचेरियलमधील घरपट्टी: घराचे मूल्य कसे ठरते आणि पावतीवर काय तपासावे

घरपट्टी म्हणजे नगरपालिका किंवा महानगरपालिका आपल्या हद्दीतील इमारतींवर आणि मोकळ्या जागांवर दरवर्षी आकारते तो कर. सरकारी कागदात त्याला मालमत्ता कर म्हणतात, तेलुगूत 'आस्ति पन्नु', बाजारात बोलताना 'इंटि पन्नु', आणि आपल्या घरांत आजही घरपट्टीच. मंडळाच्या बैठकांत या विषयावर पुन्हापुन्हा तेच प्रश्न विचारले जातात. आमचे घर जुने असून शेजारच्या नव्या घराएवढी पट्टी का? घराची किंमत इतकी वाढली, आता पट्टीही तितकीच वाढणार का? वडिलांच्या नावाने पावती येते, ती तशीच चालू ठेवली तर काय बिघडते? या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून ही माहिती देत आहोत.

सुरुवातीलाच मुख्य मुद्दा सांगतो. आपल्याकडे घरपट्टी घराच्या बाजारभावावर बसत नाही. त्या घराला वर्षाला किती भाडे मिळू शकेल याचा कागदोपत्री अंदाज केला जातो आणि त्यावर पट्टी बसते. तो अंदाज दप्तरातील सहा नोंदींवरून होतो. नोंदी बरोबर असतील तर पट्टी बरोबर. एखादी नोंद चुकली तर ती चूक कोणी दाखवून देईपर्यंत दरवर्षी नव्या बिलावर उतरत राहते.

एका घराच्या तीन किमती

आम्ही बँकेत गृहकर्जाची प्रकरणे पाहत असताना अनेक कर्जदारांचा गोंधळ इथेच होत असे. एकाच घराला तीन निरनिराळ्या किमती असतात आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा असतो.

पहिली किंमत नोंदणी खात्याची. मुद्रांक व नोंदणी विभाग प्रत्येक भागासाठी दर चौरस गजाला किमान बाजारमूल्य ठरवून ठेवतो. महाराष्ट्रात यालाच लोक रेडी रेकनर म्हणतात. खरेदीखत करताना या किमतीवर किंवा व्यवहाराच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर, शुल्क भरावे लागते. तेलंगणात जुलै २०२१ पासून हे शुल्क एकूण ७.५ टक्के आहे: ५.५ टक्के मुद्रांक शुल्क, १.५ टक्के हस्तांतरण शुल्क आणि ०.५ टक्के नोंदणी फी. यातील हस्तांतरण शुल्क स्थानिक संस्थांसाठी असते.

दुसरी किंमत बँकेची. बँकेचा मूल्यांकनकार आज हे घर विकले तर काय येईल हे पाहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देता येते. म्हणून बँकेला खरी बाजारकिंमत लागते.

तिसरी किंमत घरपट्टीची. हिचे नाव वार्षिक भाडेमूल्य. ही विक्रीची किंमत नसते, वर्षाच्या भाड्याचा अंदाज असतो. त्यामुळे पावतीवरचा आकडा पाहून 'पालिकेने आमच्या घराची किंमत इतकी कमी धरली' असे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तसेच नोंदणी खात्याने दर वाढवले म्हणून बांधलेल्या घराची पट्टी दुसऱ्या दिवशी वाढते असेही नाही. मोकळ्या प्लॉटची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

कायद्याची पार्श्वभूमी

जमिनी आणि इमारतींवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ४९ व्या क्रमांकावर आहे. तो आकारण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळ कायदा करून पालिकांना देते. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-एक्समध्ये ही तरतूद आहे. केंद्र सरकारच्या मालमत्तेला अनुच्छेद २८५ प्रमाणे या करातून सूट आहे.

आपल्या गावाला दीर्घकाळ आंध्र प्रदेश नगरपालिका कायदा, १९६५ लागू होता. करआकारणीचे सविस्तर नियम १९९० मध्ये आले. तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी झाले, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी मंचेरियल आदिलाबादपासून वेगळा जिल्हा झाला, आणि २०१९ मध्ये तेलंगणा नगरपालिका कायदा आला. हा कायदा हैदराबाद वगळता राज्यातील सर्व नगरपालिका आणि महानगरपालिकांना लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंचेरियलची महानगरपालिका झाली आणि नस्पूर नगरपालिका तिच्यात आली. पाटी बदलली, कायदा बदलला, तरी घरांच्या भाडेमूल्याच्या हिशेबाचा सांगाडा जुन्या नियमांतूनच आलेला आहे. तो समजला की पावती समजते.

भाडेमूल्य ठरवणाऱ्या सहा नोंदी

१. विभाग. गावाचे विभाग पाडताना पाणीपुरवठा, रस्ते व गटारे, रस्त्यावरचे दिवे, बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये, बँका व सरकारी कचेऱ्या, दवाखाने, कारखाने अशा सोयी पाहिल्या जातात. स्टेशन रोडकडचे घर आणि गावाबाहेरच्या नव्या वस्तीतले घर यांच्या दरात फरक पडतो तो यामुळे.

२. बांधकामाचा प्रकार. सर्वांत वर आरसीसी स्लॅब, त्यातही भारी आणि साधे असा भेद. त्याखाली मद्रास टेरेस किंवा दगडी फरशीचे छत, मग मंगलोरी कौले आणि सिमेंट वा लोखंडी पत्रे, त्यानंतर देशी कौले, आणि शेवटी झोपडी. कौलारू घर पाडून स्लॅब टाकला की ही नोंद बदलते. उलट, मागच्या बाजूची पत्र्याची पडवी स्लॅब म्हणून धरली गेली असेल तर पट्टी विनाकारण जास्त बसते.

३. क्षेत्रफळ. इथे जोत्याचे क्षेत्रफळ धरतात, म्हणजे बाहेरच्या भिंतींची जाडी धरून मोजलेले. बिल्डर सांगतो ते चटई क्षेत्र याहून कमी असते. आपल्याकडे जमीन चौरस गजात आणि गुंठ्यात बोलतात, घर चौरस फुटांत आणि पालिका चौरस मीटरमध्ये. १ चौरस गज म्हणजे ९ चौरस फूट, म्हणजेच ०.८३६ चौरस मीटर. १२१ चौरस गजांचा १ गुंठा. मीटरच्या रकान्यात गजाचा आकडा पडला तर क्षेत्रफळ जवळजवळ वीस टक्क्यांनी फुगते. हे आवर्जून पाहावे.

४. इमारतीचे वय. दुरुस्ती-देखभालीपोटी वयानुसार वजावट मिळते: २५ वर्षांपर्यंत १० टक्के, २५ ते ४० वर्षांपर्यंत २० टक्के आणि ४० वर्षांवर ३० टक्के. ही वजावट पूर्ण भाड्यावर नसते. भाड्याचा एक तृतीयांश भाग जमिनीचा आणि दोन तृतीयांश इमारतीचा धरतात, आणि वजावट फक्त इमारतीच्या भागावर देतात. जुन्या घराची पट्टी अपेक्षेइतकी कमी का होत नाही, याचे उत्तर इथे आहे. घर म्हातारे होते, जमीन होत नाही.

५. वापर. राहते घर, दुकान, कार्यालय, दवाखाना, गोदाम, कारखाना, चित्रपटगृह यांचे दर वेगवेगळे. ओसरीवर शटर बसवून किराणा दुकान काढले की तेवढा भाग निवासी राहत नाही.

६. घरात कोण राहते. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी इमारतीला वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सूट आहे. वयाची वजावट याच ४० टक्क्यांत धरलेली असते, ती वेगळी मिळत नाही. घर भाड्याने दिले की ही सूट जाते आणि फक्त वयाची वजावट उरते.

या सहा नोंदींखेरीज मालक श्रीमंत आहे की पेन्शनर, याचा हिशेबाशी संबंध नाही.

हिशेब करून पाहू

पुढील उदाहरणातील दर केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या विभागाचा खरा दर आपल्या आकारणीच्या कागदावर पाहावा.

समजा ३० वर्षांचे, ८० चौरस मीटरचे आरसीसी घर आहे. त्या विभागात राहत्या आरसीसी घराचा दर चौरस मीटरला महिना १० रुपये आहे. महिन्याचे भाडे ८०० रुपये, वर्षाचे ९,६०० रुपये.

घर भाड्याने दिलेले असेल तर: जमिनीचा भाग ३,२०० रुपये, इमारतीचा ६,४००. इमारतीवर २० टक्के वजावट १,२८० रुपये. करपात्र भाडेमूल्य ८,३२० रुपये.

मालक स्वतः राहत असेल तर: ९,६०० रुपयांवर ४० टक्के सूट ३,८४० रुपये. करपात्र भाडेमूल्य ५,७६० रुपये.

कराचा दर २० टक्के धरला तर पहिल्या घराला १,६६४ रुपये आणि दुसऱ्याला १,१५२ रुपये कर बसेल. यावर रुपयाला ८ पैसे प्रमाणे ग्रंथालय उपकर, म्हणजे अनुक्रमे १३३.१२ आणि ९२.१६ रुपये. एकूण १,७९७.१२ आणि १,२४४.१६. एकाच घरात, केवळ 'मालक राहतो' ही नोंद असणे किंवा नसणे यामुळे वर्षाला साडेपाचशे रुपयांचा फरक पडला.

आता याच घराच्या मालकाने पुढची १५ चौरस मीटरची खोली दुकानाला दिली असे समजा, आणि दुकानाचा दर ३० रुपये धरा. उरलेल्या ६५ चौरस मीटरचे वर्षाचे भाडे ७,८०० रुपये, ४० टक्के सूट जाऊन ४,६८० रुपये. दुकानाचे वर्षाचे भाडे ५,४०० रुपये, त्यातील इमारतीच्या ३,६०० रुपयांवर २० टक्के, म्हणजे ७२० रुपये वजा जाऊन तेही ४,६८० रुपये. एका खोलीचे भाडेमूल्य बाकी साऱ्या घराएवढे झाले. शिवाय बिगरनिवासी भागाला कराची टक्केवारीही वेगळी असू शकते. म्हणून दुकान बंद करून ती खोली पुन्हा घरात घेतली असेल तर पालिकेला लेखी कळवणे फायद्याचे असते. शटर खाली ओढले म्हणून नोंद आपोआप बदलत नाही.

लहान घरे आणि मोकळे प्लॉट

२०१९ च्या कायद्यात लहान घरांसाठी मोठी सवलत आहे. ७५ चौरस गजांपर्यंतच्या जागेवर तळमजला आणि त्यावर एक मजला एवढेच राहते घर असेल तर वर्षाला नाममात्र १०० रुपये कर आहे. ७५ चौरस गज म्हणजे ६७५ चौरस फूट, साधारण ६२.७ चौरस मीटर. भावाभावांच्या वाटणीत आलेल्या छोट्या जागांना हे लागू पडू शकते.

मोकळ्या प्लॉटला भाडे कसे धरणार? म्हणून त्याचा कर भाडेमूल्यावर नसून भांडवली मूल्यावर, म्हणजे नोंदणी खात्याच्या दराने निघणाऱ्या जमिनीच्या किमतीवर, ठरावीक टक्केवारीने असतो. नोंदणी खात्याचे दर वाढले की प्लॉटचा कर वाढतो तो यामुळे. निवृत्तीच्या पैशांतून प्लॉट घेऊन मुले परगावी असलेल्या सभासदांनी ही बाकी किती साठली आहे हे एकदा पाहावे. प्लॉट विकताना किंवा बांधकामाची परवानगी घेताना ती एकदम समोर येते.

स्वतः दिलेली माहिती आणि वरून दिसणारे घर

२०१९ च्या कायद्याने मालकाने स्वतःच मालमत्तेची माहिती भरून द्यायची पद्धत आणली. सोय आहे, पण जबाबदारीही आहे. खोटी माहिती देऊन कर कमी दाखवला तर बुडवलेल्या कराच्या २५ पट दंडाची तरतूद आहे. शिवाय तेलंगणातील पालिकांनी मालमत्ता 'भुवन' या नकाशावर नोंदवल्या आहेत. इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने हा नकाशा तयार केला आहे. दप्तरात एक मजला आणि जागेवर दोन, हे आता लपत नाही. वरचा मजला बांधून झाला की आपणच कळवलेले बरे.

आणखी एक गोष्ट. पालिकेने कर घेतला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे नाही. विनापरवाना बांधकामावरही कर आणि वर दंड बसतो, पण ती पावती परवानगीची जागा घेत नाही. नस्पूर, श्रीरामपूर या कोळसापट्ट्यात घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे हा प्रश्न अनेकदा निघतो. त्याचे उत्तर जमिनीच्या कागदांत शोधावे, घरपट्टीच्या पावतीत नव्हे.

हप्ते, सूट आणि व्याज

करवर्ष १ एप्रिलला सुरू होते. कर दोन सहामाही हप्त्यांत असतो: एप्रिल ते सप्टेंबरचा ३० जूनपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चचा ३१ डिसेंबरपर्यंत. संपूर्ण वर्षाचा कर ३० एप्रिलपूर्वी एकरकमी भरला तर चालू वर्षाच्या करात ५ टक्के सूट मिळते. बचत खात्यावर वर्षभर जे व्याज मिळते त्याहून हे जास्त आहे.

मुदत चुकली तर दरमहा २ टक्के व्याज. हे सरळव्याज असले तरी वर्षाला २४ टक्के होते. ५० महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते. बँकेच्या कोणत्याही घरकर्जाला इतका दर नसतो. २०२० नंतर तेलंगणा सरकारने काही वेळा एकरकमी परतफेड योजना आणून थकबाकीच्या व्याजात ९० टक्के सूट दिली होती. मात्र अशी योजना पुन्हा येईल म्हणून थांबणे हा हिशेब नव्हे.

घर भाड्याने दिले असेल तर आणखी एक फायदा लक्षात ठेवावा. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून त्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. पट्टी देय आहे एवढे पुरत नाही, त्या वर्षात भरलेली असावी लागते. पावती जपावी.

पावतीवरचे तेलुगू शब्द

तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, अशी आपल्यातील बऱ्याच ज्येष्ठांची, विशेषतः लग्न होऊन पलीकडून इकडे आलेल्या भगिनींची अडचण असते. बिलावर, नोटिशीवर आणि कचेरीत कानावर पडणारे शब्द पुढीलप्रमाणे.

यजमानि: मालक.
इंटि नंबर: घर क्रमांक.
विस्तीर्णम्: क्षेत्रफळ.
अद्दे: भाडे.
निवास: राहत्या वापराचे.
वाणिज्य: व्यापारी वापराचे.
खाळी स्थलम्: मोकळी जागा.
बकायि: थकबाकी. आपला बाकी शब्दच.
वड्डी: व्याज.
ग्रंथालय सेस: ग्रंथालय उपकर.

याशिवाय प्रत्येक मालमत्तेला एक आकारणी क्रमांक असतो. घर क्रमांक बदलू शकतो, मालक बदलू शकतो, पण पैसे भरताना हा आकारणी क्रमांकच कामाला येतो. तो घरातल्या दोघांना तरी माहीत असावा.

वडिलांच्या नावाची पावती

अनेक घरांत पट्टी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने निघते. पैसे जमा होतात, पावती मिळते, म्हणून कोणाला घाई वाटत नाही. यातून होणारे नुकसान मात्र खरे आहे.

एक, मालक राहतो म्हणून मिळणारी सूट. दप्तरातला मालक हयात नसेल आणि वारसांची नोंद नसेल, तर पुढच्या तपासणीत हे घर मालकाच्या वहिवाटीचे आहे हे पटवून द्यावे लागते. दोन, नोटीस. फेरआकारणीची नोटीस दप्तरातील नावाने आणि पत्त्यावर निघते. ती न मिळाल्यामुळे हरकतीची मुदत निघून जाते. तीन, कर्ज किंवा विक्री. तेव्हा सगळे कागद एकदम जुळवावे लागतात आणि नेमका कोणाचा तरी मृत्यूचा दाखला सापडत नाही.

नाव बदलण्यासाठी साधारणपणे मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रमाणपत्र, मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत, वाटणीपत्र किंवा खरेदीखत, आणि थकबाकी नसलेली पावती लागते. खरेदी झाली असेल तर तेलंगणात आता नोंदणीच्या वेळीच ०.१ टक्के शुल्क भरून पालिकेच्या दप्तरात नाव बदलते. वारसाने आलेल्या घराला मात्र अर्ज करावाच लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. पालिका कर कोणाकडून घ्यायचा यासाठी नाव लावते, मालकी ठरवत नाही. आम्ही बँकेत ही पावती मागत असू ती घराचा ताबा आणि थकबाकी पाहण्यासाठी. मालकीसाठी नोंदणीकृत दस्त आणि बोजा प्रमाणपत्रच पाहिले जाई. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. मोठ्या भावाने सोयीसाठी पट्टी आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतली म्हणून घर एकट्याचे होत नाही, आणि सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा त्याने संपत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाप्रमाणे हक्क देणारी दुरुस्ती अविभक्त आंध्र प्रदेशात ५ सप्टेंबर १९८५ पासून, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती, लागू झाली. महाराष्ट्रात ती १९९४ मध्ये आली आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून. तेव्हा पट्टीवर नाव लावताना सर्व वारसांची नावे द्यावीत. बहिणीला विचारून कागद केला तर पुढची कोर्टाची पायरी वाचते, आणि राखी पौर्णिमेला घर मोकळे राहते.

सीमेपलीकडचे घर

राजुरा तालुका १९५६ पर्यंत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. एक भाऊ मंचेरियलला, दुसरा राजुऱ्याला किंवा बल्लारपूरला, आणि वडिलोपार्जित घर कुठल्या तरी खेड्यात, असे आपल्यातील कितीतरी कुटुंबांचे आहे. म्हणून तिकडच्या पद्धतीतला फरक थोडक्यात देतो.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांत वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी सरसकट १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. इमारतीचे वय वाढले म्हणून ही वजावट वाढत नाही. आकारणी चार वर्षांनी सुधारायची असते. बिलात शिक्षण कर, वृक्ष कर असे वेगळे रकाने दिसतात. ग्रामपंचायतीत मात्र डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर कर भांडवली मूल्यावर, हजार रुपयांमागे अमुक पैसे असा असतो, आणि त्याची नोंद नमुना ८ मध्ये मिळते. गावच्या घरासाठी तो उतारा मागावा.

पुण्यात मुले असलेल्यांनी लक्षात ठेवावे की तिथेही स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. मधल्या काळात बंद झालेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यासाठी काहींना पीटी-३ हा अर्ज भरावा लागला. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मुंबईच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले: जागेवर पुढे किती बांधता येईल हे धरून कर लावता येत नाही, आज ती जशी आहे तशीच तिची किंमत धरली पाहिजे.

शेजारच्या आंध्र प्रदेशाने एप्रिल २०२१ पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्याची पद्धत घेतली आणि वर्षाची वाढ १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवली. तेव्हा विजयवाड्याच्या नातेवाइकांच्या बिलाशी आपल्या बिलाची तुलना करून उपयोग नाही.

फेरआकारणी आली तर

अविभक्त आंध्रातील नगरपालिकांत राहत्या घरांची सर्वसाधारण फेरआकारणी २००२ मध्ये आणि बिगरनिवासी इमारतींची २००७ मध्ये झाली. जुन्या पावत्यांवरची भाडी आजच्या भाड्यांच्या तुलनेत हास्यास्पद वाटतात, त्याचे कारण हे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली वाढवावी अशी अट घातली. त्यामुळे दर कायम तेच राहतील असे गृहीत धरू नये.

फेरआकारणी करताना विभाग आणि दर आधी मसुद्याच्या रूपात जाहीर करून हरकती मागवायच्या असतात. नंतर प्रत्येक मालकाला नोटीस येते. हरकत घेताना 'पट्टी फार झाली' एवढेच लिहिलेला अर्ज टिकत नाही. 'जोत्याचे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर असताना ९६ धरले आहे, मोजमापाचा नकाशा जोडला आहे' असा अर्ज टिकतो. सहापैकी कोणती नोंद चुकली, बरोबर काय, आणि त्याचा कागद कोणता, या तीन ओळी पुरेशा आहेत. नोटिशीत दिलेली मुदत पाळावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. हरकतीचा निकाल लागेपर्यंत चालू पट्टी भरत राहावे, म्हणजे व्याज चढत नाही.

घरी एक फाइल करावी

शेवटी एवढेच सुचवतो. प्रत्येक घरासाठी एक साधी फाइल करावी. तिच्यात खरेदीखत किंवा वाटणीपत्र, बांधकामाची परवानगी, आकारणीची मूळ नोटीस, सर्वांत जुनी मिळेल ती घरपट्टीची पावती आणि नंतरच्या पावत्या ओळीने ठेवाव्यात. जुनी पावती रद्दीत देऊ नये. इमारतीचे वय सिद्ध करायला तिचा उपयोग होतो. २००१ पूर्वीचे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. त्या दिवशी घर उभे होते हे दाखवायलाही तीच कामी येते.

फाइलच्या पहिल्या पानावर आकारणी क्रमांक आणि वरील सहा नोंदी स्वच्छ अक्षरात लिहाव्यात: विभाग, बांधकाम, क्षेत्रफळ, वय, वापर, वहिवाट. नवे बिल आले की त्या पानाशी ताडून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ३० एप्रिलच्या आत केले तर ५ टक्के सूटही पदरात पडते.